आमचे आजोबा आपल्या कुलुपात आहेत

मा. मुख्यमंत्री, मा. महसूल मंत्री, मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र शासन,
तसेच सातारा आणि सांगलीचे मा. जिल्हाधिकारी यांस,



हे पत्र एकाच वेळी इतक्या जणांना लिहितो आहे, याबद्दल क्षमस्व. पण एकाला विचारले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. गावचे जुने दप्तर महसूल खात्याचे, पेशवाईचे आणि छत्रपतींच्या कारभाराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सांस्कृतिक कार्य विभागाच्या पुराभिलेख संचालनालयाचे, शाळेचे जनरल रजिस्टर शिक्षण खात्याचे, जमिनीची मोजणी भूमी अभिलेखची. खाती चार असली तरी ज्याला शोधायचे तो आमचा पणजोबा एकच आहे. म्हणून आपणा सर्वांना एकत्र बसवून विचारतो.

आपल्या घराण्याचा इतिहास शोधणे हा निवृत्त माणसांचा विरंगुळा आहे, असे आपणांस वाटत असेल, तर तो गैरसमज आधी दूर करतो. सातारा-सांगलीत हा विरंगुळा राहिलेला नाही. आपण तो आम्हाला सक्तीचा केला आहे. इतर मागासवर्गातल्या मुलाला जात प्रमाणपत्र हवे असेल, तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा आणा, असे आपला नियम सांगतो. भटक्या-विमुक्तांसाठी ती तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950. त्याला वंशावळ जोडा, ती शपथपत्रावर द्या, आणि वंशावळीतल्या माणसाचा कागद दाखवा. अठरा वर्षांच्या पोराला प्रवेशाच्या तोंडावर आजोबाच्या बापाचे नाव सिद्ध करावे लागते. ठीक आहे, नियम आपले, आम्ही पाळतो. पण तो कागद आहे कोणाकडे?

तो आपल्याकडेच आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना 14, ज्याला सगळे गाव कोतवाल बुक म्हणते, तो आपल्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. क-पत्रक, पेरेपत्रक, शेतवार पत्रक, जुने फेरफार, वतनाच्या चौकशीचे कागद, सगळे आपल्याच कपाटांत. म्हणजे पुरावा मागणारे आपण, पुरावा सांभाळणारे आपण, आणि पुरावा मिळत नाही म्हणून अर्ज फेटाळणारेही आपणच. या व्यवहारात नागरिकाने नेमके काय करायचे, हे एकदा स्पष्ट सांगाल का?

आमचे घराणे मूळचे कराड तालुक्यातले, पुढे वाळव्यात आले. त्यांची नोंद शोधायला मी एका तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. कचेरीचे नाव लिहीत नाही, कारण एका कारकुनाला नोटीस देऊन हा प्रश्न सुटणार नाही. गठ्ठ्यांवर गावांची नावे नव्हती. सूची मागितली तर ती नव्हती. शोध घेऊन ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला मात्र ताबडतोब मिळाला. जो गठ्ठा सोडलाच नाही, त्यात नोंद आढळत नाही हे कसे कळले? मी विचारले तेव्हा तो भला माणूस खरे तेच बोलला. म्हणाला, “साहेब, ते मोडीत आहे. इथं वाचणारं कोण आहे?”

हा प्रश्न मी आता आपणांस विचारतो. वाचणारे कोण आहे? गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागातला कारभार मोठ्या प्रमाणावर मोडी लिपीत चालला. कोतवाल बुकातल्या जुन्या नोंदी मोडीत आहेत, वतनाचे कागद मोडीत आहेत, सावकाराची खतेही मोडीत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटलेत, आम्हीही खाल्ले. ज्या भाषेच्या प्राचीनतेचा आपण अभिमान धरता, तिचे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे सरकारी पान वाचणारा माणूस तालुक्याच्या कचेरीत असू नये, याची खंत आपणांस वाटते का? तलाठ्यापासून प्रांतापर्यंतच्या कोणत्या पदासाठी मोडी येणे आवश्यक ठरवले आहे? आमच्या पाहण्यात तरी असे एकही पद आलेले नाही.

हे काम मग कोण करते, तेही सांगतो. वाचनालयाचा एखादा हॉल, शाळेचा रिकामा वर्ग, कधी देवळाचा सभामंडप. तिथे कोणी इतिहासाचा अभ्यासक रविवारी मोडीचे आणि वंशावळ लावण्याचे वर्ग घेतो. समोर निवृत्त शिक्षक असतात, बँकेतून सुटून आलेली मुलगी असते, जात पडताळणी अडकलेला पोरगा असतो, भाऊबंदकीच्या दाव्याने टेकीला आलेला शेतकरी असतो. आधी ओळ मारायची, मग तिला लोंबणारी अक्षरे काढायची, इथपासून सुरुवात होते. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, ‘तुकोजी बिन सुभानजी’ एवढ्यावरच माणूस संपतो, आडनाव शोधून सापडत नाही. फसली या महसुली कालगणनेतले 1300 म्हणजे इसवी सन 1890-91 हे कोष्टक पाठ करावे लागते. मग एखाद्याला आपल्या पणजोबाचे नाव कागदावर सापडते आणि सगळा वर्ग उठून ते बघायला येतो. हे वर्ग लोक आपल्या खिशातून चालवतात. आपले पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण देते, परीक्षाही घेते, ते मान्य. पण ती परीक्षा पास झालेल्याला आपल्याच रेकॉर्ड रूममध्ये बसायची परवानगी मिळते का? त्याला मानधन मिळते का? की प्रमाणपत्र भिंतीवर टांगायचे आणि दप्तर कपाटातच राहू द्यायचे?

2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे आपणांस अचानक मोडी आठवली होती. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आधी मराठवाड्यासाठी, मग सगळ्या राज्यासाठी. जिल्ह्या-जिल्ह्यांत कक्ष उघडले, मोडी जाणकारांना शोधून आणले, गठ्ठे सुटले, आणि कुणबी नोंदी लाखांच्या संख्येने सापडल्या. आरक्षण कोणाला आणि किती, हा या पत्राचा विषय नाही. त्याबद्दल माझ्या घरातही दोन मते आहेत. मुद्दा वेगळा आहे. आंदोलनाचा रेटा आला की जे दप्तर काही आठवड्यांत सुटते, ते एरवी एका नागरिकाच्या अर्जावर वर्षानुवर्षे का सुटत नाही? शिवाय त्या शोधात फक्त एकाच जातीच्या नोंदी टिपल्या गेल्या. त्याच पानावर धनगराचा जन्म होता, रामोशाचा मृत्यू होता, महाराची वतनाची पाळी होती, मुसलमान तांबोळ्याचे नाव होते. पान उघडलेच होते, तर ते सगळे उतरवून का घेतले नाही?

त्याच आंदोलनाच्या पुढच्या टप्प्यात, 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला आणि सातारा गॅझेटियरबाबतही लवकर निर्णय घेऊ, असा शब्द मुंबईत आझाद मैदानावर दिला गेला. त्या शब्दाचे पुढे काय झाले, हे सातारकरांना बातम्यांतून अंदाजाने नव्हे, तर आपल्याकडून लेखी कळायला हवे. आणि एक गोष्ट आपणांस पक्की ठाऊक आहे, ती लोकांनाही सांगा. 1885 साली छापलेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जातींची वर्णने आहेत, शिरगणतीचे आकडे आहेत, माझ्या पणजोबाचे नाव नाही. कोणाच्याच पणजोबाचे नाव नाही. गॅझेटियर लागू झाले तरी माणसाला शेवटी गावच्या त्याच मोडी पानापाशी यावे लागणार. त्या पानाची सोय न करता गॅझेटियरचे आश्वासन देणे, याला आम्ही काय म्हणावे?

आमच्या दोन जिल्ह्यांची अडचण आणखी एक आहे, आणि ती सरकारनेच निर्माण केलेली आहे. 1948 मध्ये संस्थाने विलीन झाली. 1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले, आणि दक्षिण साताऱ्याला 1960 मध्ये सांगली हे नाव मिळाले. म्हणजे वाळवा, तासगाव, खानापूरच्या माणसाचा जुना कागद साताऱ्यात असू शकतो. आटपाडी औंध संस्थानात होती. आज औंध एका जिल्ह्यात, आटपाडी दुसऱ्यात. सांगली संस्थानचा मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात गेला, तेरदाळ आणि शिरहट्टी कर्नाटकात. मिरजेच्या दोन गाद्या, जत, फलटण, प्रत्येकाचे दप्तर निराळे. हद्दी आपण बदलल्यात, तेव्हा कोणता कागद कुठे गेला याची एक यादी तरी छापायची होती. आज जतचा शेतकरी सांगलीला जातो, तिथून त्याला साताऱ्याला पाठवतात, साताऱ्याहून पुण्याला. पुण्याच्या पुराभिलेखागारात हजारो रुमाल आणि कोट्यवधी कागद आहेत. तिथे पोहोचल्यावर त्याला विचारतात, कोणता रुमाल हवा? त्याला ते ठाऊक असते, तर तो इतका हिंडला असता का?

कोयनेचे लोक तर याहून वाईट अवस्थेत आहेत. धरणात गावे गेली आणि माणसे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. आज तिसरी-चौथी पिढी पर्यायी जमिनीसाठी भांडते आहे. आपण कोणाचे नातू, हे त्यांना सिद्ध करावे लागते. गाव पाण्याखाली घालवणाऱ्या सरकारनेच त्यांना गावचा दाखला मागावा, यातली क्रूरता आपल्या लक्षात येते की नाही?

कागद टिकवण्याबद्दलही बोलले पाहिजे. 1942 च्या चळवळीत याच भागात काही चावड्यांची दप्तरे जाळली गेली. ती परक्या सत्तेविरुद्धची आग होती, तिचा हिशेब इतिहासाने लावला आहे. पण ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, 1869 पासूनचे सांगली नगर वाचनालय पाण्यात सापडले आणि ग्रंथांचा लगदा झाला. 2021 मध्ये पूर पुन्हा आला. कृष्णाकाठच्या किती कचेऱ्यांची दप्तरे त्यानंतर वरच्या मजल्यावर हलवली, याची माहिती आपण जाहीर कराल का? महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 हा कायदा आपणच केला. अभिलेख सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात सांगितले आहे. एखादे दप्तर वाळवीने खाल्ले म्हणून या कायद्याखाली कोणाला जाब विचारला गेल्याचे आम्ही कधी ऐकले नाही.

एक नोंद काय करू शकते, हे आपणांस सांगायला नको. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव रजिस्टरात 1914 व्या क्रमांकावर लिहिले गेले. ते रजिस्टर कोणीतरी जपले, म्हणून आज तो दिवस आपण राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करता. 2017 पासून दर वर्षी भाषणे होतात. त्याच काळातल्या बाकीच्या शाळांची रजिस्टरे कुठे आहेत? त्यांतली मुले नामवंत झाली नसतील, पण ती कोणाचे तरी पणजोबा आहेत.

आणि हेही सांगायला हवे की कुळाचा इतिहास सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. काही घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत छापलेले आहेत. राजघराण्यांची, सरदारांची दप्तरे अभ्यासक वाचतात. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या कागदांवर आयुष्य घालवले, त्यांच्या ऋणात आपण सगळे आहोत. पण कुळवाड्याचा, बलुतेदाराचा, वेशीबाहेरच्या माणसाचा कुलवृत्तांत कोण छापणार? त्याचा सगळा इतिहास कोतवाल बुकातल्या एका ओळीएवढा आहे आणि ती ओळ आपल्या ताब्यात आहे. बायकांचे तर विचारूच नका. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव आणि पुढे नुसते ‘मुलगी’ एवढेच असते. तिचा माग लावायचा, तर माहेर-सासर दोन्ही गावांची पाने समोर हवीत. एकाही गावचे पान मिळत नाही, तिथे दोन कुठून आणायची?

आमच्याकडे हेळवी येतो, हे मंत्रालयात कोणाला माहीत आहे की नाही, कल्पना नाही. सुगी झाली की बैल घेऊन तो दारात येतो, वही उघडतो आणि सात-आठ पिढ्यांची नावे घडाघडा वाचतो. नवा जन्म, नवे लग्न लिहून घेतो. धान्य, कापड, चार पैसे घेऊन पुढच्या गावाला जातो. सूचीवाचून पडलेल्या आपल्या रेकॉर्ड रूमपेक्षा त्याची वही जास्त शिस्तीत आहे. आपण त्याला भटक्या जमातींच्या यादीत ‘हेळवे’ म्हणून घातलेत आणि विसरलात. त्याची मुले आता हे काम करायला तयार नाहीत. या वह्या किती आहेत, कोणाकडे आहेत, याची पाहणी आपण का करत नाही? वही त्याच्याच मालकीची राहू द्या, त्याच्या संमतीने नक्कल घ्या आणि तिचे चोख मोल द्या. गडांना जागतिक वारसा दर्जा मिळाला, प्रतापगड त्यात आहे, आनंद आहे. 2024 मध्ये लंडनहून वाघनखे आणून साताऱ्याच्या संग्रहालयात मांडलीत, रांगा लागल्या, तेही बरे झाले. पण समुद्रापलीकडून उसनी आणलेली वस्तू जितक्या निगुतीने आपण काचेत ठेवता, तितकी निगा आपल्याच तालुक्यातल्या कागदाची का घेत नाही?

मॉरिशसचे उदाहरण देतो. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांत आपल्या मुलखातली मराठी माणसेही होती. त्यांची नावे, बापाचे नाव, गाव, वय, अंगावरच्या खुणा गोऱ्या मळेवाल्यांच्या सोयीसाठी लिहिल्या गेल्या. तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटने ती रजिस्टरे जपली आहेत; वंशजाने अर्ज केला की त्याला आपल्या पूर्वजाची नोंद मिळते. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी गाव सोडलेल्याच्या पणतवाला मूळ गावचे नाव हाती लागते, आणि जो गाव सोडून कधी गेलाच नाही, त्याच्या पणतवाला गावातच कागद मिळत नाही. हे लाजिरवाणे आहे की नाही, एवढेच सांगा.

आपले उत्तर काय असेल, याचा अंदाज आहे. स्कॅनिंग चालू आहे, ‘आपले अभिलेख’ पोर्टल आहे, असे आपण म्हणाल. स्कॅनिंग चांगलेच आहे. पण सूची नसलेले स्कॅन केलेले मोडी पान म्हणजे कपाटाऐवजी संगणकात टाकलेले तेच कुलूप. गावाचे नाव, साल, नोंदीतल्या माणसाचे आणि बापाचे नाव देवनागरीत उतरवल्याशिवाय ते पान कोणाच्याही उपयोगाचे नाही. दुसरे उत्तर असेल बनावट नोंदींचे. दप्तर उघडले की खाडाखोड होईल, खोटी नावे घुसतील. भीती खरी आहे. पण खाडाखोड होते ती बंद खोलीत, ओळखीच्या माणसाच्या हातून. ज्या पानाचे छायाचित्र आणि सूची आधीच जाहीर आहे, त्यात नवे नाव घुसडणार कोण? तिसरे उत्तर खासगीपणाचे. दत्तकाच्या, अनौरस संततीच्या नोंदी उघड झाल्या तर घरे दुखावतील, हे मला मान्य आहे. त्यासाठी काळाची मर्यादा घाला, ठरावीक वर्षांपूर्वीचेच खुले करा. पण मर्यादा घालायलाही आधी आत काय आहे हे माहीत असावे लागते.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधल्या जुन्या दप्तराची गाववार, सालवार यादी जाहीर करा. प्रत्येक तालुक्याला मानधनावर एक मोडी वाचक द्या आणि त्याचा वार ठरवून बोर्डावर लिहा. 1949 ची वाटणी आणि संस्थानांचे विलीनीकरण यांत कोणते दप्तर कुठे गेले, याची एक पुस्तिका छापा. गावोगावी वंशावळीचे आणि मोडीचे वर्ग चालवणाऱ्यांना हॉल, नकला आणि रेकॉर्ड रूममध्ये बसायला टेबल द्या. उरलेले ते स्वतः करतील, आजही करतातच. जुन्या दप्तराचा शोध आणि नक्कल किती दिवसांत द्यायची, ती मुदत 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित करा. आणि जोवर हे होत नाही, तोवर ज्या गावचा गठ्ठा सोडून वाचलेला नाही, त्या गावच्या माणसाला ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला देणे बंद करा. त्याऐवजी ‘आम्ही वाचलेले नाही’ असे खरे लिहून द्या.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, आयोग लागत नाही, उपोषण तर मुळीच लागू नये. आमचे आजोबा आपल्या ताब्यात आहेत आणि त्यांची जामिनावर सुटका मागायला आम्ही आलेलो नाही. ते आमचे आहेत, ते आम्हाला पाहू द्या. या पत्राचे उत्तर लेखी, तारखेसह आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या नावासह मिळावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
सांगली जिल्ह्यातला एक करदाता नागरिक